दुखावलेला खांदा : उपचाराचा निर्णय कसा घ्यावा?

छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मराठवाड्यात ‘घाटी’ या नावानेच ओळखले जाते. १९५६ साली महाविद्यालय सुरू झाले तेव्हापासून विभागाच्या कानाकोपऱ्यातील रुग्ण येथे येत आले आहेत. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागाबाहेर एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपर सावरून बसलेली माणसे हमखास दिसतात. त्यांत जाधववाडीच्या बाजार आवारात पोती वाहणारा हमाल असतो, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातील कामगार असतो, जालना रस्त्यावर मोटारसायकलवरून घसरलेला तरुण असतो, उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवणारी मजूर स्त्री असते आणि वेणी घालण्यासाठी हात मागे नेता येत नाही म्हणून आलेली मधुमेही गृहिणीही असते.

या सर्वांचे प्रश्न दोनच असतात. शस्त्रक्रिया करावी लागेल काय? आणि कामावर केव्हा जाता येईल? हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा असतो. खांद्याच्या बाबतीत घाईने केलेली शस्त्रक्रिया जशी अनाठायी ठरू शकते, तशीच आळसाने लांबवलेली शस्त्रक्रियाही कायमचे अपंगत्व देऊन जाते. म्हणून निर्णय कोणत्या आधारावर घ्यावयाचा, हे रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

खांद्याची रचना

खांदा हा उखळीचा सांधा होय. मात्र ही उखळी फार उथळ आहे. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल व मोठे असते; खवाट्याच्या हाडावरील खोबण त्या मानाने लहान असते. लहानशा बशीवर मोठा चेंडू टेकवून ठेवावा, तशी ही मांडणी आहे. तिच्यामुळेच हात पुढे, मागे, वर आणि गोलाकार असा सर्व दिशांना फिरतो. शरीरातील अन्य कोणत्याही सांध्याला इतके स्वातंत्र्य नाही. परंतु या स्वातंत्र्याची किंमत म्हणून स्थैर्य कमी असते आणि शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी खांदाच सर्वांत अधिक वेळा निखळतो.

हा चेंडू खोबणीत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः मऊ भागांकडे आहे. खोबणीच्या काठाला कूर्चेची कड असते. सांध्याभोवती एक चिवट पिशवी असते. त्यावर चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन चेंडूला टोपीसारखे आवरण घालतात. या समूहाला ‘रोटेटर कफ’ असे नाव आहे. हात उचलताना चेंडू खोबणीच्या मध्यावर राखणे हे या चार स्नायूंचे काम. यांतील सर्वांत वरची कंडरा हाडाच्या छताखालून जाते आणि तीच सर्वांत अधिक झिजते व फाटते.

ही रचना लक्षात घेतली म्हणजे ‘खांदा दुखतो’ या दोन शब्दांत किती निरनिराळी दुखणी दडलेली असू शकतात, याची कल्पना येते. हाड मोडले आहे, सांधा निखळला आहे, कंडरा फाटली आहे की पिशवी आखडली आहे, हे ठरल्याविना उपचाराची चर्चा व्यर्थ आहे.

विलंब चालत नाही अशी लक्षणे

काही परिस्थितींत विचार करीत बसण्यास अवसर नसतो. मार लागल्यानंतर खांद्याचा गोलाकार जाऊन तो चपटा किंवा टोकदार दिसू लागला. हात गार पडला, पांढरा किंवा निळसर झाला. बोटे हलेनाशी झाली. दंडाच्या बाहेरच्या बाजूस बधिरपणा आला. हाडाचे टोक त्वचेतून बाहेर आले. तर त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठले पाहिजे. खांदा लाल व गरम होऊन ताप आला, तर सांध्यात पू होण्याची शंका घ्यावी लागते. तोही तातडीचा आजार आहे.

मार लागलेला नसताना डावा खांदा दुखू लागला, त्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ते दुखणे खांद्याचे नसून हृदयाचे असू शकते. अशा वेळी तेल चोळण्यात एक मिनिटही दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मानेतील नस दबल्यानेही खांद्यात कळ येते. ती बहुधा कोपराखाली बोटांपर्यंत उतरते. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारे दुखणे, रात्रीचा ताप आणि घटते वजन असेल तर क्षयरोगाचीही तपासणी करून घ्यावी. क्षय फुप्फुसांप्रमाणे सांध्यांनाही होतो.

पहिले दोन दिवस

तातडीचे लक्षण नसेल तर पहिल्या ४८ तासांत हाताला झोळीचा आधार द्यावा. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. रात्री पाठीवर निजून कोपराखाली उशी घ्यावी. सदरा घालताना दुखरा हात प्रथम घालावा व काढताना शेवटी काढावा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते. इतर वेदनाशामक गोळ्या पोटात व्रण असणाऱ्यांना, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांना घातक ठरू शकतात. त्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नयेत.

ताज्या दुखापतीवर जोराने मालिश करणे किंवा हात ओढून सांधा ‘बसवून’ घेणे अत्यंत धोक्याचे आहे. आपल्याकडे अस्थिचिकित्सेची परंपरा मोठी आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या सांध्यांचे सहा व मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार सांगितले असून, निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळाचा आधार देऊन सांधा वर उचलावा व नंतर स्वस्तिकाकार बंध बांधावा, अशी योजना दिली आहे. परंतु प्राचीनांनीही प्रथम निदान व मग उपचार हाच क्रम सांगितला, हे विसरता कामा नये. निखळलेल्या खांद्यासोबत हाडही मोडलेले असेल, तर क्ष-किरण चित्र न काढता दिलेला हिसका तुकडा सरकवतो आणि नस किंवा रक्तवाहिनी दुखावतो. बांबूच्या पट्ट्या घट्ट आवळून रक्तप्रवाह तुटल्यामुळे हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

निदान कसे होते?

निदानाचा निम्मा भाग डॉक्टरांच्या हातांनी व रुग्णाच्या उत्तरांनी पूर्ण होतो. दुखापत कशी झाली, वय काय, काम कोणते, रात्री झोप लागते काय, हे नेमके सांगावे. एक साधी गोष्ट तर घरच्या घरीही ध्यानात येऊ शकते. हाड मोडलेले किंवा सांधा निखळलेला नाही अशी खात्री झाल्यावर, रुग्णाला स्वतः हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने हळुवार उचलला तर तो वर जातो, अशी स्थिती असेल तर कंडरा फाटल्याचा किंवा नसेला इजा झाल्याचा संशय येतो. स्वतःलाही जमत नाही आणि दुसऱ्यानेही हात वर जात नाही, जणू सांध्याला कुलूप लागले आहे, असे असेल तर खांदा आखडल्याची शक्यता अधिक असते.

क्ष-किरण चित्रात हाड दिसते. कंडरा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे ‘काहीच झाले नाही’ असा अर्थ काढणे चूक आहे. कंडरेसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी लागते. अनुभवी डॉक्टरांनी केलेली सोनोग्राफी अनेकदा पुरेशी होते व तिला खर्चही कमी येतो. क्ष-किरण चित्र मात्र एकाच बाजूने न काढता दोन दिशांनी काढले पाहिजे. शेतातील मोटारीचा विजेचा धक्का बसल्यानंतर किंवा अपस्माराच्या झटक्यानंतर खांदा मागच्या बाजूस निखळतो आणि केवळ समोरून काढलेल्या चित्रात तो सुटून जाण्याचा संभव असतो. असा खांदा आठवडेच्या आठवडे ‘मुका मार’ म्हणून शेकला जातो आणि मग साध्या प्रयत्नाने बसत नाही.

याच्या उलट बाजूही समजून घ्यावी. साठी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या कंडरेत एमआरआयमध्ये लहानमोठी फाट दिसते आणि त्यांतील अनेकांना कसलाही त्रास नसतो. केस पिकावेत तसाच तो वयाचा परिणाम असतो. म्हणून उपचार चित्रावर करावयाचा नसून माणसावर करावयाचा असतो.

चार दुखणी, चार निर्णय

निखळलेला खांदा : बहुतेक वेळा खांदा पुढच्या बाजूस निखळतो. तो त्याच दिवशी, भूल किंवा वेदनाशामक औषध देऊन बसवणे हा पहिला उपचार होय. याविषयी मतभेद नाही. निर्णयाचा प्रश्न त्यानंतर येतो. तरुणांमध्ये तो पुन्हा निखळण्याचे प्रमाण मोठे आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे १५ ते ३५ वर्षे वयाच्या २५२ रुग्णांचा पाठपुरावा करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक रुग्णांचा खांदा पहिल्या दोन वर्षांतच पुन्हा अस्थिर झाला. म्हणून कबड्डी, कुस्ती यांसारखे खेळ खेळणाऱ्या किंवा उंचावर चढून काम करणाऱ्या तरुणाने कूर्चेची कड शिवून घेण्याचा विचार लवकर करावा. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची भीती कमी असते, पण निखळताना कंडरा फाटण्याची भीती वाढते. अशा रुग्णाला सांधा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात उचलता येत नसेल, तर कंडरेची व नसेची तपासणी झालीच पाहिजे.

फाटलेली कंडरा : सर्वांत अधिक गोंधळ येथे होतो, कारण एकाच नावाची दोन वेगळी दुखणी आहेत. पहिले झिजेचे. साठ वर्षांच्या शेतकरी स्त्रीचा खांदा हळूहळू दुखू लागतो, पडणे वा धडपडणे झालेले नसते, तपासणीत लहान फाट आढळते. येथे घाई करण्याचे कारण नाही. फिनलंडमध्ये ५५ वर्षांवरील अशा रुग्णांच्या १८० खांद्यांचा अभ्यास झाला. केवळ व्यायाम, व्यायामासोबत हाड घासण्याची शस्त्रक्रिया आणि त्या दोहोंसोबत कंडरा शिवणे, असे तीन गट केले. दोन वर्षांनी तिन्ही गटांच्या स्थितीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत व्यायामाचा कार्यक्रम नीट पाळणाऱ्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना दोन वर्षांत शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. म्हणून अशा रुग्णाने किमान तीन महिने शिकून घेतलेला व्यायाम नियमाने करून पाहावा.

परंतु चित्राची दुसरी बाजू नॉर्वेतील अभ्यासाने दाखविली आहे. तेथे लहान व मध्यम फाटींच्या १०३ रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. अखेरीस शिवलेल्या गटाची स्थिती अधिक चांगली होती आणि न शिवलेल्या काही फाटी काळाबरोबर वाढल्या होत्या. तेव्हा व्यायामाचा मार्ग पत्करला, तरी तपासणीस जाणे थांबवू नये.

दुसरे दुखणे अपघाताचे. पंचेचाळीस वर्षांचा धडधाकट हमाल फळीवरून घसरतो, पोते सावरताना खांद्यात कट् असा आवाज होतो आणि त्याच क्षणापासून हात उचलत नाही. ही ताजी, पूर्ण फाट असेल तर तिच्याकडे झीज म्हणून पाहणे घातक आहे. हाडापासून सुटलेली कंडरा मागे ओढली जाते. तिचा स्नायू वाळत जातो आणि त्याच्या जागी चरबी साठते. हा बदल पुढे गेला म्हणजे कंडरा शिवली तरी बळ परत येत नाही. म्हणून अशा रुग्णाची तपासणी काही आठवड्यांत आणि शस्त्रक्रिया ठरल्यास ती शक्यतो पहिल्या तीन-चार महिन्यांत व्हावी. दुर्दैवाने हाच माणूस मजुरी बुडेल म्हणून वेदनेची सुई घेत दिवस काढतो. वेदना ओसरते, बळ मात्र येत नाही. वेदना कमी झाली म्हणजे खांदा बरा झाला, हा समज सर्वांत महाग पडतो.

मोडलेले हाड : मोटारसायकलवरून पडल्यावर हासळीचे हाड मोडते. लहान मुलांत ते झोळीच्या आधारानेच जुळते. प्रौढांतही तुकडे फारसे सरकले नसतील तर झोळी पुरते. मात्र तुकडे एकमेकांवर चढून हाड आखूड झाले असेल, तर पट्टी बसविल्याने ते न जुळण्याचा धोका कमी होतो, असे कॅनडातील डॉक्टरांनी २००७ साली दाखविले. जड काम करणाऱ्याने हा लाभ आणि जखमेचा संसर्ग, पट्टीचा उपद्रव ही किंमत तोलून पाहावी. वृद्धांत, विशेषतः ठिसूळ हाडांच्या स्त्रियांत, दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडते. ब्रिटनमध्ये तुकडे सरकलेल्या अशा २५० रुग्णांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि झोळी यांचे दोन वर्षांनंतरचे निकाल सारखेच निघाले. अर्थात सांधा निखळून हाड मोडले असेल किंवा चेंडूच दुभंगला असेल, तर तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आखडलेला खांदा : याला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. हे नाव बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांना अधिक आणि मधुमेह्यांना फार अधिक, असा हा विकार आहे. प्रथम वेदना, मग आखडलेपणा आणि शेवटी हळूहळू मोकळीक अशा अवस्थांतून तो जातो. त्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सांध्यातील सुईसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून पिशवी कापणे या तीन मार्गांपैकी एकही मार्ग इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही. तेव्हा सुई व व्यायाम या सौम्य मार्गाने प्रारंभ करणे शहाणपणाचे. मधुमेही व्यक्तीने स्टेरॉइडची सुई घेतल्यावर काही दिवस रक्तातील साखर वाढते, हे ध्यानात ठेवून ती तपासत राहावे. ज्याला मधुमेह असल्याचे ठाऊक नाही, त्याने आखडलेल्या खांद्याच्या निमित्ताने साखर अवश्य तपासून घ्यावी.

एका शस्त्रक्रियेचा धडा

खांद्याच्या छताखाली कंडरा घासली जाते, म्हणून छताचे हाड थोडे तासावे, हा विचार अमेरिकेतील डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७२ साली मांडला आणि पुढे ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. रुग्ण बरे होत होते, म्हणून तिच्यावर कोणी संशय घेतला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ३१३ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून परत काढली आणि तिसऱ्यावर काहीच उपचार केला नाही. हाड तासलेल्यांची व नुसती दुर्बीण घातलेल्यांची स्थिती सारखीच सुधारली. उपचार न केलेल्यांच्या तुलनेतही फरक इतका अल्प होता की, रुग्णाच्या दैनंदिन जीवनात त्याला महत्त्व नव्हते. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी असते असा नव्हे. निखळणारा खांदा व अपघाताने फाटलेली कंडरा यांबाबत तिचे महत्त्व वर आलेच आहे. धडा एवढाच की, ‘शस्त्रक्रियेनंतर बरे वाटले’ आणि ‘शस्त्रक्रियेमुळे बरे वाटले’ या दोन वाक्यांत अंतर आहे. पुष्कळ दुखणी काळ व व्यायाम यांच्या साह्याने शमत असतात.

खेळाडूचा खांदा आणि कष्टकऱ्याचा खांदा

मार्च २००६ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या उजव्या खांद्यावर लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीच्या वेस्ट इंडिजच्या दौऱ्यास ते मुकले आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूर येथील स्पर्धेत परतून त्यांनी नाबाद १४१ धावा केल्या. २३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथील सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मुंबईचे फलंदाज श्रेयस अय्यर यांचा डावा खांदा निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये ते मैदानात उतरले. दोघांच्याही बाबतीत जवळजवळ सहा महिने गेले. दिमतीला तज्ज्ञ फिजिओथेरपिस्ट, पौष्टिक आहार आणि पूर्ण विश्रांती असतानाही एवढा अवधी लागला, ही गोष्ट प्रत्येक रुग्णाने मनात नोंदवावी.

हमालाच्या, ऊसतोड मजुराच्या किंवा पैठणच्या मागावर बसणाऱ्या विणकराच्या घरी हे सहा महिने कसे निघणार? शस्त्रक्रियेचा निर्णय केवळ शल्यविशारदाच्या खोलीत होत नाही, तो स्वयंपाकघरातही होतो, तो यामुळेच. चार आठवड्यांत झोळी फेकून पोते उचलले, तर शिवलेली कंडरा पुन्हा तुटते आणि वेदना, खर्च व विश्रांती ही तिन्ही वाया जातात. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी घरातील मिळवती माणसे, हंगाम, कर्ज व शिल्लक यांचा हिशेब मांडावा. झिजेच्या दुखण्यात शस्त्रक्रिया हंगामानंतर घेता येते. अपघाताच्या फाटीत मात्र हंगामासाठी थांबणे म्हणजे पुढील सर्व हंगाम धोक्यात घालणे होय.

पोत्याचे वजन हाही खांद्याच्या आरोग्याचा विषय आहे. शंभर किलोचे पोते जाऊन हलके पोते यावे, असा आग्रह हमाल पंचायतीने व डॉ. बाबा आढाव यांनी दीर्घकाळ धरला. उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, हे तत्त्व येथे वजनकाट्यावरच सिद्ध होते.

डॉक्टरांना काय विचारावे?

रुग्णाने पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि निःसंकोचपणे विचारावेत.

१. माझे नेमके निदान काय? दुखणे झिजेचे आहे की अपघाताचे?
२. शस्त्रक्रिया केली नाही तर सहा महिन्यांनी व पाच वर्षांनी काय होईल?
३. तीन महिने व्यायाम करून थांबलो, तर नंतरची शस्त्रक्रिया अवघड होईल काय?
४. शस्त्रक्रियेचा हेतू कोणता : वेदना कमी करणे, बळ परत आणणे की सांधा स्थिर करणे?
५. झोळी किती आठवडे? हलके काम केव्हा, जड काम केव्हा?
६. संसर्ग, आखडलेपणा, पुन्हा फाटणे यांचा धोका माझ्या बाबतीत किती?
७. फिजिओथेरपी कोठे व किती दिवस? गावी राहून करता येईल काय?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. थांबण्याने काही बिघडत नसेल तर थांबावे. बिघडत असेल तर थांबू नये. निर्णयाचे सार या एका प्रश्नात आहे. मन साशंक असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही. सर्व चित्रे व कागद मात्र सांभाळून न्यावेत, म्हणजे तपासण्यांचा खर्च दुसऱ्यांदा होत नाही.

खर्च आणि रजा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिरोगाच्या ठरावीक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपली शस्त्रक्रिया त्यांत बसते काय, कोणत्या रुग्णालयात होते आणि कोणती कागदपत्रे लागतात, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच समजून घ्यावे. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगाराला औषधोपचाराबरोबरच, कामावर झालेल्या दुखापतीसाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा रोख लाभ मिळतो. त्यासाठी दुखापतीची नोंद त्याच दिवशी कारखान्यात करून घेणे आवश्यक आहे. ‘उद्या बरे वाटेल’ म्हणून नोंद न करणारा कामगार पुढे आपला हक्क सिद्ध करू शकत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात नोंदलेल्या हमालांनी मंडळाच्या कल्याणकारी योजनांची चौकशी करावी.

व्यायाम हेच औषध

शस्त्रक्रिया होवो वा न होवो, व्यायामाला पर्याय नाही. कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जाणारा लंबकाचा व्यायाम सर्वांत सोपा आहे. निरोगी हाताने मेज धरून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल सोडावा व घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलके झोके द्यावेत. पुढे भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे, काठी दोन्ही हातांत धरून निरोगी हाताने दुखरा हात उचलणे, खवाटे मागे एकत्र आणणे आणि शेवटी रबरी पट्टा ओढून बळ वाढविणे, असा क्रम असतो. दुखापतीच्या व शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार हा क्रम केव्हा सुरू करावयाचा, हे फिजिओथेरपिस्टने ठरवावे. व्यायामानंतरची वेदना दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली तर प्रमाण योग्य. रात्रभर ठणकत राहिली तर प्रमाण कमी करावे. एक दिवस दोन तास करण्यापेक्षा रोज तीन वेळा दहा मिनिटे करणे अधिक गुणकारी ठरते. कोपर, मनगट व बोटे मात्र पहिल्या दिवसापासून हलती ठेवावीत.

सारांश, नेमके निदान, वय व कामाचे स्वरूप आणि थांबल्यास होणारी हानी या तीन गोष्टी समोर ठेवल्या, तर खांद्याच्या उपचाराचा निर्णय अंधारात घ्यावा लागत नाही. मराठवाड्यातील लाखो कुटुंबांचा संसार हाताच्या कष्टावर चालतो आणि त्या हाताचे मूळ खांद्यात आहे. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, तर आठवडाभरात तज्ज्ञाला दाखवावे. हळूहळू दुखू लागला, तर धीर धरून तीन महिने व्यायाम करावा. एवढे पथ्य पाळले तरी अनेकांचे कायमचे अपंगत्व टळेल आणि अनेकांची अनावश्यक शस्त्रक्रियाही टळेल.